आजोबांच्या कामाची गोष्ट लिहून ठेवायची आहे? बैलांपासून सुरुवात करा

पहिल्यांदा मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, दारव्ह्याजवळ आमचं गाव, आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर बसले होते, मी फोनचा रेकॉर्डर चालू करून समोर ठेवला आणि न्यूज चॅनलवाल्यासारखं विचारलं, आबाजी, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणे, "काय सांगू बापा. काम केलं, खाल्लं, पोट्टे मोठे केले. झालं." अन् सुपारी कातरायला लागले. एकूण रेकॉर्डिंग चाळीस सेकंद, त्यातले तीस सेकंद अडकित्ता.

हा माणूस छत्तीस वर्षं शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, रुळावर गँगमन (रुळाची देखभाल करणारा मजूर) होता, सोबत चार एकर कोरडवाहू शेती, आणि सांगायला म्हणे काही नाही. मी नाराज होऊन दोन दिवस परत विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी असंच जेवता जेवता पोळ्याचा विषय निघाला आणि मी सहज म्हटलं, आबाजी तुम्ही परमनंट झाले तेव्हा घरी जोडी कोणती होती? झालं. कबऱ्या अन् मोऱ्या. कबऱ्या कुठल्या बाजारातून आणला, कितीला आणला, पैसे कमी पडले तर कोणाकडून घेतले, ते फेडायला रेल्वेत रोजंदारीवर कसे लागले, मुकादमानं पहिल्या दिवशी काय काम दिलं, सगळं एका दमात. ताटातला भात वाळून गेला तरी गडी थांबेना, आणि माझा फोन तिकडे चार्जिंगला.

तर या सगळ्या लेखाचं सार म्हणा की काय, आपल्याकडचा म्हातारा माणूस "आयुष्य" या शब्दाला बोलत नाही, तो कामाला बोलतो. बैल, अवजार, मजुरी, रस्ता, मुकादम, डबा. आयुष्य त्यातून आपोआप निघतं. आता कसं करायचं ते सांगतो.

आधी घरात सांगून टाका. हे लोक विसरतात आणि मग भांडणं होतात. तुम्ही जुना सातबारा काढायला गेलात, आजोबांना वाटणीचं साल विचारलं, की चुलत्याच्या कानावर जातं आणि संध्याकाळी फोन येतो, "काऊन रे, हिस्सा मागायचा इचार आहे काय?" माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. म्हणून सगळ्या काका-आत्यांना आधीच सांगा की आबाजींच्या नोकरीचं आणि खानदानाचं लिहून ठेवतोय, झालं की सगळ्यांना एकेक कॉपी देणार. कॉपीचं नाव काढलं की लोक स्वतःहून फोटो आणून देतात.

वेळ कोणती? कापूस वेचणीत जाऊ नका, घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. उलंगवाडी (कापसाचा शेवटचा वेचा) झाल्यावर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात भारी, सकाळचं ऊन अंगावर घेत ओट्यावर किंवा रात्री शेकोटीपाशी. एप्रिल-मेमध्ये करायचं झालं तर कूलरचा प्रॉब्लेम. मी एकदा पाऊण तास रेकॉर्ड केलं आणि नंतर ऐकलं तर नुसता कूलर, मधून मधून आबाजी. कूलर बंद करायचा तर ४५ डिग्रीत म्हाताऱ्या माणसाला बसवायचं पाप कोण करणार. उपाय म्हणजे फोन त्यांच्या छातीच्या खिशात ठेवा, बंडीला खिसा असतोच, माइक वर. खरं सांगू का, लोडशेडिंगमधलं रेकॉर्डिंग माझ्याकडे सगळ्यात क्लिअर आहे.

एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको. थकले की ते "हो, हो" म्हणायला लागतात आणि तुम्ही जे म्हणाल ते कबूल करतात, असलं रेकॉर्डिंग काही कामाचं नाही. आणि शक्य असेल तर त्यांच्या वयाचा दुसरा माणूस सोबत बसवा. आबाजींच्या गँगमधला एक जोडीदार शेजारच्या गावात होता, त्याला गाडीवर बसवून आणलं, दोघं मिळून जे बोलले ते मी सात जन्मात विचारू शकलो नसतो. एक म्हणे पूल वाहून गेला त्या साली मुकादम अमुक होता, दुसरा म्हणे नाही बे, तो तर पुढच्या साली आला, आणि त्या वादातून साल पक्कं झालं.

आता काय विचारायचं. कामाचा एक दिवस विचारा, पहाटेपासून. किती वाजता उठायचे, घड्याळ नव्हतं तर कशावरून कळायचं, चालत किती कोस, डब्यात काय, हजेरी कोण घ्यायचं, पहिलं काम कोणतं, दुपारी सावली कुठे, पाणी कुठलं, सुट्टी कधी. मग कामाचे शब्द विचारा आणि ते जसेच्या तसे लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. रुळाखाली आडवे टाकतात त्या स्लीपरला आबाजी शिलपाट म्हणायचे. गैती, सब्बल, बीटर, घमेलं. रोज सकाळी हातोडा घेऊन आपल्या हद्दीतली लाइन पायी तपासत जाणारा, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकणारा तो चाबीवाला. एकदा मी कागदावर "की-मॅन" लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं तर म्हणे, "हा कोन होये?" शब्द बदलला की माणूसच ओळखू येत नाही त्यांना.

हातात वस्तू दिली तर अजून चांगलं. आमच्याकडे कोठ्यात एक जुनी गैती होती, दांडा मोडलेला, ती आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नुसता हात फिरवला आणि शिलपाटाखालची गिट्टी कशी ठोकायची, चार जण समोरासमोर उभे राहून ताल कसा धरायचे, ताल चुकला की कोणाच्या नडगीवर बसायचं, ते हातानं करून दाखवलं. हे व्हिडिओवर घ्या. बोलणं ऑडिओत चालतं पण हाताचं काम व्हिडिओतच पाहिजे. सालगडी असतील तर तिफण-वखर-डवरा दाखवा, पाथरवट असतील तर छिन्नी, विडी वळायचे भंडाऱ्याकडचे असतील तर तेंदूपानाचा पुडा आणून द्या आणि गंमत पाहा.

मजुरी नक्की विचारा. पैशाचं म्हाताऱ्यांना पक्कं आठवतं, गेल्या आठवड्यात काय खाल्लं ते नाही आठवणार पण पहिला हप्ता किती आणि त्याचं काय केलं ते बरोबर सांगतील. फक्त हिशोब नीट समजून घ्या. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे, त्यामुळे "बारा आणे रोज" म्हणजे पाऊण रुपया. शेर-मणाचं पण तसंच, किलो १९५८ पासून हळूहळू आलं आणि १९६२ पर्यंत सगळीकडे लागू झालं. आणि सालगड्याला पैशासोबत ज्वारी, चप्पल, घोंगडं असं काय काय ठरलेलं असायचं, साल गुढीपाडव्याला धरायचं, ते सगळं करारासारखं लिहून घ्या. मधात साल सोडून पळून गेले असतील तर तेही विचारा, ती गोष्ट मस्त असते बहुतेक.

आजीचं काम विसरू नका हां. मी विसरलो होतो. आबाजींचं सांगणं चालू असताना ती आतून म्हणाली, "हे रुळावर होते तं वावर कोन केलं?" बरोबर होतं तिचं. निंदण, वेचणी, बैलांचं वैरण-पाणी, सरकारी पगार यायच्या आधीची उधारी, सगळं तिच्याकडे. आजीला ओट्यावर बसवून काही मिळणार नाही, ती शेंगा फोडत असेल किंवा सरोता घेऊन बसली असेल तेव्हा बाजूला बसा आणि तुम्हीही शेंगा फोडा.

आता सालं. हे सगळ्यात किचकट. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका, आपल्याकडे अर्ध्या गावाचा जन्म १ जुलैचा आहे, मास्तरनं अंदाजे टाकून दिलेला. आबाजींचा पण १ जुलै १९३८. त्यांची माय म्हणायची हा दिवाळीच्या आसपास झाला. रेल्वेनं मात्र दाखल्यावरचीच तारीख धरली आणि अठ्ठावन्न पूर्ण म्हणून १९९६ ला रिटायर केलं. म्हणून दोन्ही लिहा, कागदावरचं वेगळं आणि घरातलं वेगळं.

साल विचारायचं नाही, त्या साली अजून काय झालं ते विचारायचं. आपल्या भागातल्या माणसांना लागू पडणारे खुंटे हे असे. महात्माजी गेले १९४८. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ च्या दसऱ्याला, लगेच १ नोव्हेंबरला आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलो, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा, म्हणजे त्या एका हिवाळ्यात इतकं काही घडलं की त्या काळातल्या कोणत्याही माणसाला १९५६ लक्षात असतंच, फक्त ते "गाडगेबाबा गेले ते साल" असं म्हणतात. महाराष्ट्र १९६०. तुकडोजी महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८. मग ७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारी अन् सुकडी, खडी फोडायचं काम. त्याच सुमाराला १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारनं घ्यायचा), म्हणजे व्यापाऱ्याला विकलेला कापूस त्याआधीचा की नंतरचा हे त्यावरून कळतं. इमर्जन्सी आणि नसबंदी ७५-७७. वर्धा नदीचा मोवाडचा पूर ३० जुलै १९९१. आणि माझा आवडता, गणपती दूध प्यायले तो दिवस, २१ सप्टेंबर १९९५, हा कोणी विसरलेलं नाही, मी तरी असा माणूस पाहिला नाही.

शकुंतलावाल्यांसाठी अजून एक खुंटा आहे, वाफेचं इंजिन बंद होऊन डिझेल लागलं ते एप्रिल १९९४. आबाजी म्हणायचे "धाकटीचं लग्न इंजन गेलं त्या साली," आत्या म्हणायची ९२. मी पत्रिका शोधून काढली, मे १९९४ निघाला. आबाजी बरोबर होते, ज्या बाईचं लग्न तीच चुकली.

एक वही करा, उभ्या रेघा मारून तीन खाने. एकात खुंटा, दुसऱ्यात घरात काय झालं (जन्म, लग्न, वाटणी, कोण गेलं), तिसऱ्यात काम कोणतं आणि बैलजोडी कोणती. बैलाचा खाना हसण्यावारी नेऊ नका. एक जोडी आठ-दहा वर्षं राहते, आमच्या घरी साठ वर्षांत सहाच जोड्या झाल्या, त्यामुळे "कबऱ्या होता तेव्हा" म्हटलं की दहा वर्षांचा टप्पा लगेच मिळतो.

कागदपत्रांचं आता. घरातली पत्र्याची पेटी आधी. पण त्याआधी एक विचारा, तुमच्या घरात कोणी व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं सर्टिफिकेट) काढली आहे काय? असेल तर अर्धं काम झालेलं आहे आणि तुम्हाला माहीत पण नाही. जातीच्या व्हॅलिडिटीसाठी जुने पुरावे लागतात, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, त्यामुळे ज्या चुलतभावानं इंजिनिअरिंगसाठी ती फाइल केली त्याच्याकडे पणजोबाचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, शपथपत्रावरची वंशावळ सगळं पडलेलं असतं. ॲडमिशन झालं की फाइल माळ्यावर. मी तीन महिने तहसीलचे चकरा मारल्यावर मला कळलं की नागपूरच्या चुलतभावाकडे सगळं आहे. त्यानं विचारलं, "मले काऊन नाही विचारलं?" काय बोलणार.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद, विदर्भातल्या लोकांना हा शब्द वेगळा सांगायला नको. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मौजा आणि अंदाजे साल लिहून, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा. पण लक्षात ठेवा, त्यात बहुतेकदा पोराचं नाव नसतं, बापाचं नाव आणि मुलगा झाला की मुलगी एवढंच, त्यामुळे आजोबांचं नाव शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही, पणजोबांच्या नावानं शोधा. आणि एकाच बापाला तीन मुलगे झालेले दिसले तर कोणता आपला हे त्यावरून लगेच ठरवू नका, मधले गेलेले असतात. आबाजींच्या आधीचे दोन भाऊ मला तिथेच कळले, घरात कोणी त्यांचं नाव काढलं नव्हतं.

सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त बोलतो. माणूस गेला की वारसाचा फेरफार होतो, त्यात कोण गेलं, साधारण केव्हा, मागे कोण कोण, कधीकधी लेकींची नावं पण. सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. दिसलं तर गोंधळू नका, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्या भावांची पण नाव मोठ्याचं. पटवाऱ्याकडे जाल तेव्हा सकाळी जा आणि सर्व्हे नंबर हातात घेऊन जा, नुसतं "आमचं वावर" म्हणू नका. सरकारच्या आपले अभिलेख या साइटवर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून टाकले आहेत, आधी तिथे पाहा, चकर वाचते.

आपण वऱ्हाडातले की नागपूरकडचे यावर पण फरक पडतो. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, हा भाग १८५३ ला निजामानं इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ ला कायमच्या पट्ट्यानं दिला आणि १९०३ ला मध्य प्रांताला जोडला. इथे रयतवारी, शेतकऱ्याचं नाव थेट सरकारच्या दप्तरात. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडे मालगुजारी होती, ती १९५१ ला गेली, त्यामुळे तिकडच्या जुन्या कागदात मालगुजाराचं नाव मोठं आणि तुमचा पणजा कुठेतरी कुळ म्हणून खाली. नाव सापडत नाही म्हणून "आपल्याकडे जमीनच नव्हती" असं ठरवू नका.

गावांची-जिल्ह्यांची नावं बदलली ते पण ध्यानात ठेवा. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वून म्हणजे वणी जिल्हा म्हणून लिहिला जायचा, अचलपूरचं एलिचपूर, वाशीमचं बासीम, चंद्रपूरचं चांदा. आबाजींच्या शाळेच्या दाखल्यावर वर मध्यप्रदेश छापलेलं आणि खाली जनपद सभेचा शिक्का पाहून मी तो दुसऱ्या कोणाचा म्हणून बाजूला ठेवला होता. नंतर कळलं की १९५० ते ५६ आपण मध्यप्रदेशातच होतो, राजधानी नागपूर, आणि जिल्हा परिषद १९६२ ला यायच्या आधी शाळा जनपद सभेच्या होत्या. शंभर टक्के आबाजींचाच दाखला.

मूळ गाव सापडत नसेल तर रिठं पाहा. आपल्याकडे कितीतरी गावं उजाड झाली, कुठे पटकी-प्लेगनं, कुठे पाण्यावाचून, माणसं निघून गेली पण महसुलाच्या कागदात नाव "रिठ" म्हणून राहिलं. आडनाव एखाद्या गावावरून असेल आणि ते गाव नकाशात दिसत नसेल तर पटवाऱ्याला आसपासची रिठं विचारा. धरणाखाली गेलेली गावं तर आहेतच, अप्पर वर्धा, इसापूर, गोसीखुर्द. आणि घराण्यातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला विधीला गेलं असेल तर तिथल्या गुरुजींच्या चोपडीत गाव-आडनावावरून नोंद निघू शकते, पुढच्या वेळी कोणी जाणार असेल त्याला सांगून ठेवा. जुना कागद मोडीत असेल तर स्वतः अंदाज लावू नका, मोडी वाचणारा शोधा, पैसे घेतो पण बरोबर वाचतो.

नोकरीचे कागद थोडक्यात. रेल्वेत असतील तर पेन्शनचा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) सगळ्यात आधी, बँकेच्या पासबुकात खोचलेला असतो, त्यावर पद आणि रिटायरमेंटची तारीख मिळते. सर्व्हिस सर्टिफिकेट, जुने पास, मेडिकल कार्ड. शकुंतला म्हणजे मालकी किलिक निक्सन या इंग्रजांनी काढलेल्या कंपनीची आणि चालवायची मध्य रेल्वे, त्यामुळे गँगमन रेल्वेचा, कंपनीचा नाही, यात पुष्कळ जण घोळ करतात. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये किंवा अशा कुठल्या गिरणीत असतील तर पीएफची चिठ्ठी, युनियनची पावती, बिल्ला. एम्प्रेस १८७७ ला सुरू झाली, तिथे तीन-तीन पिढ्या कामाला होत्या, त्यामुळे खाते आणि पाळी विचारून घ्या, नुसतं "मिलमध्ये" लिहू नका. चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणीवाल्यांचा पीएफ वेगळा, सीएमपीएफ, आणि खाण १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी कोणाची होती ते विचारा. जिनिंगमध्ये हंगामी होते त्यांचा कागद बहुतेक मिळत नाही. माझे आईकडचे आजोबा त्यातले, दसरा ते होळी जीनमध्ये, उरलेलं वर्ष शेतमजुरी, आयुष्यात एक पगारपत्रक नाही. अशा वेळी सोबतच्या दोन-तीन माणसांचं रेकॉर्डिंग हाच कागद समजा.

कागदाचा आणि फोटोचा फोटो दिवसा सावलीत काढा, फ्लॅश नको. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढू नका, फ्रेमसकट काढून घ्या. लॅमिनेशन अजिबात करू नका, माझ्या काकानं प्रेमानं केलं आणि शिक्का कायमचा पुसट झाला. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तो पण घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर क्वालिटी जाते. रेकॉर्डिंगच्या फाइलला त्याच दिवशी नाव द्या, तारीख आणि विषय, "आबाजी, कबऱ्याचा बाजार" असं, नाहीतर वर्षभरानं चाळीस फाइली आणि कशात काय काही कळत नाही. एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक अशा बहिणीकडे जी काही डिलीट करत नाही.

अवघड गोष्टी येतातच. सावकाराकडे गेलेलं वावर, दारू, भावाशी वीस वर्षं बंद असलेलं बोलणं, विहिरीवर पाणी भरू न देणं, पहिली बायको. आबाजी एकदा म्हणाले, "हे बंद कर, मग सांगतो." मी बंद केलं. जे सांगितलं ते मी कुठेच लिहिलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. गुपचूप रेकॉर्डर चालू ठेवायचा मोह होतो, करू नका, एकदा कळलं की पुढच्या सगळ्या बैठका संपल्या. आणि जे लिहायची परवानगी आहे ते पण फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी ज्याच्याबद्दल आहे त्याच्या घरी विचारा, तेही समोर बसून.

तुमचे आजोबा आधीच गेले असतील तर? काम थोडं उलटं करावं लागतं पण होतं. तेरवीला सगळे सोयरे एकत्र येतात, जेवणं झाल्यावर बायका एकीकडे आणि बुढे लोक मंडपात बसून त्याच माणसाचं बोलत असतात, तिथे वही घेऊन बसा. वाईट दिसेल असं वाटतं पण कोणाला वाईट वाटत नाही, उलट सांगायला चढाओढ लागते. तेरवी होऊन गेली असेल तर त्यांच्या वयाचे तीन माणसं शोधा, एक कामावरचा, एक गावातला, एक सासुरवाडीचा. सासुरवाडीचा माणूस जावयाबद्दल जे सांगतो ते घरचे कधीच सांगत नाहीत. मग त्यांच्या कामाच्या जागी जाऊन या. मी दारव्हा मोतीबाग स्टेशनपासून थोडं रुळारुळानं चाललो, गाडी बंद, मधात झुडपं वाढलेली, पण आबाजी सांगायचे तो नाल्यावरचा पूल आहे अजून, पावसाळ्यात त्याच्यापाशी बसून पाणी पाहायची ड्युटी असायची त्यांची. फोनवर लोकेशन टाकून ठेवलं.

शेवटी लिहायचं कसं. मोठं पुस्तक करायच्या नादात पडू नका, तिथेच सगळे अडकतात. एकेका कामाचं एकेक प्रकरण, गुरं राखली ते, रोजंदारी, परमनंट, शेती, रिटायरमेंटनंतर. त्यांचे शब्द त्यांच्या वऱ्हाडीतच ठेवा, "मले", "तुले", "कायले", पुस्तकी केलं तर वाचणाऱ्याला आवाज येत नाही. वंशावळ एका पानावर, लेकींची नावं आणि त्यांची सासरची गावं धरून. लिहून झालं की आजोबांना वाचून दाखवा, डोळ्यांनी दिसत असलं तरी वाचूनच दाखवा. आबाजींनी बहात्तर पानं ऐकली, चार बैठका लागल्या, आणि जिथे मी त्यांचं फार कौतुक केलं होतं तिथे म्हणे, "हे काढून टाक, गँगमधे आठ जण होतो."

मग झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग. आम्ही तेवीस कॉप्या काढल्या, काका-आत्या, मामेकडचे, गँगमधल्या त्या जोडीदाराच्या घरी पण एक. छापताना उजवीकडे चार बोटं जागा कोरी सोडा आणि देताना सोबत पेन द्या, सांगा की चुकलं असेल तिथे लिहा आणि सहा महिन्यांनी मला परत दाखवा. आबाजी गेले त्यानंतर मोठ्या आत्याची कॉपी परत आली. पान अकरावर समासात तिनं निळ्या पेननं लिहिलं होतं: कबऱ्या बाजारातून नाही आणला, माझ्या मामानं दिला होता, बाबा कोनाले सांगत नव्हते.